कडूबाचा शेंदूर

“उद्या मी समद्याईच्या आधी जातो खाणीवर,” असं कडूबा आज दुपारी निघताना म्हणाला, आणि तेव्हापासून ते एक वाक्य माझा पिच्छा सोडत नाही. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, झाकपाक झाली, ह्यांचे उद्याच्या कोर्टाचे कपडे काढून ठेवून झाले. हे झोपले. मी मात्र बैठकीत दिवा लावून बसले आहे. सुरुंग लावणाऱ्या माणसाला खाणीवर सगळ्यांच्या आधी जायचं काही कारण नसतं. सकाळचं काम पहारवाल्यांचं. ते दगडाला भोकं पाडतात, आणि ती पाडून झाली की दुपारनंतर कडूबाची पाळी येते. मग हा पहाटे जाऊन करणार काय?

ह्यांना विचारलं तर म्हणाले, “असेल काही काम. तुला साऱ्या जगाची काळजी.” ते खरं आहे. मुलगा घरी आला तरी मला काळजी, गेला तरी काळजी. पण आजची काळजी तशी नाही. ती का नाही, हे समजायला कडूबा कोण ते आधी सांगायला हवं.

कडूबा मूळचा उंद्रीच्या पलीकडच्या एका वस्तीतला. घरची भाजीची बागायत. वांगी, मिरच्या, मेथी लावायची आणि टोपल्या डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, असं बापजाद्यांपासून चाललेलं. एका उन्हाळ्यात मळ्यातली विहीर आटली म्हणून त्याच्या वडिलांनी सुरुंगवाला बोलावला, आणि कडूबा त्या माणसाच्या मागे गेला तो गेलाच. मळा धाकट्या भावाकडे राहिला. “वांग्याले रोज पानी पाजा, तरी ते कधी बोलत नाई. दगड एकडाव बोलला म्हंजे गावभर आयकू जाते,” असं तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या उंद्रीच्या शेतात. नागपूरच्या कॉलेजात शिकून मी या घरात आले होते, आणि माझा मुलगा भगवंत नुकता पळायला लागला होता. सासऱ्यांनी विहीर खोदायला घेतली. वरची माती गेली, मुरूम गेला आणि खाली काळा पाषाण लागला. कुदळ उडून परत यायला लागली तेव्हा कडूबाला निरोप गेला.

तो आला त्या सकाळी आम्ही सगळ्या बायका बांधावर उभ्या होतो. वाटेने दोन माणसं येत होती. पुढे डोक्यावर पेटी घेतलेला पुरुष, आणि मागे, बरीच मागे, कमरेला गाठोडं धरलेली बाई. पुरुष थांबला की बाईही थांबायची. तो निघाला की मग ती निघायची.

“भांडून आले वाटते,” सासूबाई म्हणाल्या.

“एवढं लांबून तं माह्या सासूशीबी नाई चालत मी,” आमच्या सालदाराची बायको रुखमाबाई म्हणाली, आणि बांधावर हशा पिकला.

पण ते भांडण नव्हतं. कडूबाच्या पेटीत सुरुंगाची दारू होती आणि त्याच्या बायकोच्या, शालूबाईच्या गाठोड्यात टोप्या होत्या. टोपी म्हणजे वातीच्या टोकाला बसवायची ती बोटाएवढी नळी. तीच आधी फुटते आणि दारूला पेटवते. दारू आणि टोप्या एका माणसाजवळ द्यायच्या नाहीत आणि दोन माणसांनी जवळ जवळ चालायचं नाही, हा त्याचा नेम. शालूबाई मला पुढे एकदा म्हणाली, “लगन झाल्यापासून आमी जोडीनं रस्ता चाललो नाई बाई. देवळातबी हे मोरं, अन् मी मांगं.” ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. सवय म्हणून सांगत होती.

त्याचे असे पुष्कळ नेम होते. भोकात दारू भरली की वरून माती ठासायची ती बाभळीच्या काठीनेच. कोणी घाईने पहार पुढे केली तर तो पहार हिसकून लांब फेकायचा. लोखंड दगडाला घासलं की ठिणगी पडते, हे तो ज्याला त्याला सांगायचा. वातीचं नवं भेंडोळं आणलं की आधी हातभर तुकडा तोडून पेटवायचा आणि जळून संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचा. वात फार घाईने जळली तर ते भेंडोळं बाजूला. अशा वेळी शेजारी कोणी विडी काढली तर मात्र त्याच्या तोंडून फार वाईट शब्द निघायचे.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो त्याचा दुसराच नेम. वात पेटवण्याआधी शालूबाई पितळी थाळी वाजवत शेताच्या चारही बाजूंनी फिरायची. सगळे लांब जाऊन उभे राहायचे. मग कडूबा विहिरीच्या काठावर उभा राहून एकेका बाईला हाक मारायचा.

“रुखमाबाई, तुमचा पोरगा कोनाजवळ?”

“माह्याजवळ हाये!”

“वकीलीनबाई, भगवंत?”

सगळ्यांच्या देखत मोठ्याने ओरडायची मला सवय नव्हती. मी भगवंताचा हात घट्ट धरला होता आणि नुसती मान हलवली.

“मले आयकू नाई आलं,” कडूबा म्हणाला, आणि हातातली काडी न पेटवता तसाच उभा राहिला.

“अहो, आहे म्हणते ना ती! दिसून राह्यला ना पोरगा!” सासूबाई वैतागल्या.

“मायच्या तोंडून आयकल्याबगर मी काडी लावत नाई, आजी.”

“माझ्याजवळ आहे!” मी ओरडले. माझा तो आवाज मलाच ओळखू आला नाही. मग धूर निघाला, पायाखालची जमीन हलली, आणि विहिरीतून दगड आभाळात गेले.

पुढे कितीतरी दिवस घरात माझी चेष्टा चालली होती. कॉलेजात शिकलेली, पण सशाच्या काळजाची. एकदा कडूबासमोरच सासूबाई म्हणाल्या, “आमची सून सुरुंग नसला तरी पोराचा हात सोडत नाई.” कडूबा भाकरी खात होता. मान वर न करता म्हणाला, “राहू द्या, आजी. भेनारं माणूस एखादं पाह्यजेच. म्या माह्या घरचीले तेच पाहून केली.” शालूबाईने त्याच्या पाठीत कांदा फेकून मारला.

त्या दिवसापासून हा माणूस आमच्या घरचा झाला. भगवंत त्याला मामा म्हणायला लागला. आम्ही खामगावला राहायला आलो, तरी बाजाराला आला की तो भावाच्या मळ्यातली वांगी घेऊन यायचा, मागच्या पडवीत बसून चहा घ्यायचा आणि कुठल्या गावच्या विहिरीला किती खोल पाणी लागलं ते सांगून जायचा.

लढाईच्या दिवसांत रंगरावांनी चिखलीच्या रस्त्याच्या खडीचा ठेका घेतला. रंगराव म्हणजे चिखलीच्या कापसाच्या जिनाचे मालक. त्यांनी उंद्रीच्या बाजूला दगडाची खाण सुरू केली. त्यांना परवाना असलेला सुरुंगवाला हवा होता. कडूबा गेला तेव्हा त्यांनी परवाना पाहिलाच नाही म्हणे. म्हणाले, “हात दाखव.” कडूबाने दोन्ही पंजे पुढे केले. दहाच्या दहा बोटं जागेवर होती. तीस वर्षं दारू हाताळलेल्या माणसाची सगळी बोटं शाबूत असणं हीच त्याची सनद. नोकरी लागली. शालूबाईलाही लागली, खाणीच्या तोंडाशी रस्त्यावर थाळी वाजवायची.

खाणीचं काम विहिरीसारखं नसतं. तिथे एका ओळीत बरीच भोकं भरतात आणि वाती एकामागून एक पेटवून मागे पळतात. मग आडोशाला बसून आवाज मोजायचे. जितकी भोकं भरली तितके आवाज आले तर ठीक. एक आवाज कमी आला, तर कुठलातरी सुरुंग तसाच राहिला. कडूबा त्याला ‘निजेल’, म्हणजे निजलेला, म्हणायचा. निजेलाला हात लावायचा नाही. ठासलेली माती उकरायची नाही, भोकात पहार घालायची नाही. त्याच्यापासून हात-दोन हात अंतरावर नवं भोक पाडायचं, ते भरायचं आणि उडवायचं, म्हणजे त्या धक्क्याने निजेलही उडतो. यात पहारवाल्यांचा एक दिवस मोडतो. पण माणूस मोडत नाही.

निजेल कुठे आहे ते कळावं म्हणून कडूबा त्या भोकावर दगड ठेवून लाल फडकं बांधायचा. पण लढाईमुळे कापड कंट्रोलवर होतं. लाल मांजरपाटाचा हातभर तुकडा रात्रीतून नाहीसा व्हायचा. एकदा कडूबाला आपलं फडकं सापडलं ते खाणीवरच्याच एका बाईच्या तान्ह्या पोराच्या डोक्यावर, कुंची शिवलेलं. तो बोलायला गेला तर ती म्हणाली, “धोंड्याले थंडी वाजते का वो, कडूबाभाऊ?”

त्यानंतर त्याने शेंदूर आणला. तेलात कालवून निजेलाच्या तोंडावरच्या दगडाला फासायचा. शेंदूर कोणी चोरत नाही, आणि शेंदूर लावलेल्या धोंड्यावर पहार मारायची छाती कोणाची होत नाही. लोक जाता-येता हात जोडत आणि लांबून जात. दुसऱ्या दिवशी नवं भोक पाडून तो दगड उडवला की कडूबा जाहीर करायचा, “देव गेले! या आता कामाले.” कोणाला काही वावगं वाटत नसे. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं, आणि त्या खाणीवर कोणाचं नखही गेलं नाही.

मागच्या पौषात शालूबाई तापाने गेली. मी भेटायला गेले तेव्हा कडूबा अंगणात बसून होता. म्हणाला, “आता मोरं चाललो काय, अन् मांगं चाललो काय.” पंधरा दिवसांनी कामावर परत गेला.

होळीनंतर भगवंतला त्याच खाणीवर ओव्हरसियरची नोकरी लागली. सुरुंगाच्या खाणीवर मुलगा जातो म्हटल्यावर माझी झोपच उडायची, पण उडाली नाही, कारण तिथे कडूबा होता. तिथे भगवंत कोणाजवळ आहे हे विचारणारा माणूस आहे, असं मी मनाशी म्हणायचे.

दिवाळीला भगवंत घरी आला तेव्हा जेवताना म्हणाला, “आई, मामाचं काही खरं नाही. देवभोळा झालाय.”

“म्हणजे?”

“सारखा शेंदूर फासत असतो. पूर्वी म्हणे महिन्या-दोन महिन्यांतून एखादा सुरुंग राहायचा. आता दर खेपेला एक तरी शेंदरी दगड असतोच. कधी दोन. आम्ही शेजारी भोक पाडून उडवतो, आणि मलबा काढल्यावर पाहतो तर पहिलं भोक आधीच उडून गेलेलं. रिकामं! पूर्ण दिवस वाया. काल रंगरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘काय बे कडूबा, खाण खोदून राह्यला का देऊळ बांधून राह्यला?’”

“मग तो काय म्हणाला?”

“काही नाही. हसला. त्याला काही बोललं तरी तो हसतोच हल्ली. पहारवाल्यांना कामावर मजुरी मिळते. त्यांचा दिवस बुडतो. ते आता त्याच्या शेंदराला ‘रिकामा देव’ म्हणतात. त्यांच्यातला उकंडराव तर शेंदरी दगडावर पाय ठेवून विडी ओढतो.”

बायको गेल्यावर माणसाचा जीव हळवा होतो, देवाधर्माकडे वळतो, असंच मला वाटलं. मी भगवंतला म्हटलं, त्याला सांभाळून घे. विषय तिथेच संपला.

आज बाजाराचा दिवस. कडूबा दुपारी आला. नेहमीसारखी वांगी आणली होती, पण चेहरा उतरलेला होता. मागच्या पडवीत तो भिंतीला टेकून बसला. मी चहा दिला आणि समोर बसले. तेवढ्यात त्याच्या मागच्या बाजूला, न्हाणीच्या दाराशी, मोलकरणीच्या हातून पाण्याचा तांब्याचा हंडा निसटला आणि फरशीवर आदळला. मी किंचाळले.

कडूबाने मागे वळून पाहिलं नाही. त्याने हातातल्या बशीकडे पाहिलं. चहा हलला होता. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग कुठे मान वळवली.

मी त्याच्या तोंडासमोर सरकले आणि सावकाश विचारलं, “कडूबा, तुम्हाला ऐकू येत नाही?”

तो हसला. भगवंत म्हणाला होता तसंच. मग हसू गेलं.

“बोलनं समजते, तोंडाकडं पाहून,” तो म्हणाला. “डावा कान लई दिसाचा गेला. उजवा दोन-तीन सालापासून. इतके सुरुंग फोडले, कान काय लोखंडाचे हायेत का?”

“मग खाणीवर आवाज कसे मोजता?”

“घरची मोजत होती. थाळी वाजवून झाली की माह्या समोर येऊन बसे, अन् बोटं दाखवे. मी तिच्या कानानं आयकत होतो. कोनाले पत्ता नाई.” त्याने बशी खाली ठेवली. “आता पायानं मोजतो. जमीन हालते ना. पन दोन सुरुंग संगं उडाले, तं पायाले एकच समजते.”

तेव्हा मला सगळं उलगडलं. याला आवाज कमी आल्यासारखे वाटतात, म्हणून उगाच कुठलातरी सुरुंग राहिल्याची शंका येते, आणि शंका आली की हा शेंदूर लावतो. देवभोळेपणा नाही. धास्ती. आपल्या चुकीने कोणी मरू नये म्हणून तो शंका आली तिथे तिथे शेंदूर फासत होता, आणि त्यामुळे शेंदराचा धाकच उरला नव्हता.

“दुसऱ्या कोणाला मोजायला सांगा ना.”

“सांगतलं, तं काऊन म्हनून विचारतीन. मंग परवाना जाईन. रंगराव मले एक दिवस ठेवनार नाई.” त्याने दोन्ही पंजे उघडून पाहिले. “दहा बोटं हायेत, पन त्याईचं मी काय करू? वांगी तोडू?”

मी त्याची बशी पुन्हा भरली.

मग त्याने कालची गोष्ट सांगितली. काल संध्याकाळी ओळीने सुरुंग उडवले. शेवटच्या भोकाच्या वातीचा धूर मधेच बंद झालेला त्याने डोळ्यांनी पाहिला. “पायाचं सोडा, बाई. ह्या डोयानं पाह्यलं. तो निजेल हाये. खरा.” त्याने शेंदूर लावला. उकंडराव हसला. रंगराव तिथेच होते. त्यांना रस्त्याची खडी परवापर्यंत द्यायची आहे. त्यांनी हुकूम दिला, की आज बाजाराची सुटी, उद्या सकाळी उकंडरावाने ते भोक पहारीने साफ करायचं आणि त्याच भोकात पुन्हा दारू भरायची. शेजारी नवं भोक पाडत बसायचं नाही.

“मी लई भांडलो,” कडूबा म्हणाला. “म्हटलं, धूर पाह्यला मी. तं रंगराव म्हनते, तुले रोजच कायबी दिसते बे, घरी जाऊन वांगी लाव. अन् उकंड्या म्हनते, देव रिकामा हाये, मी त्याच्या तोंडात पहार घालून दाखवतो. घालीनच थो. लेकरं लहान हायेत त्याचे.”

“भगवंत नव्हता तिथे?”

“थो रस्त्यावर व्हता, खडी मोजाले. उद्या सकाळी खाणीवरच हाये.” मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, “कानाचं त्याले सांगू नका, वकीलीनबाई. पोरगा चांगला हाये, पन नोकरी रंगरावाची करते. त्याले लपवा लागलं, तं त्याच्या जिवाले घोर. नाई लपवलं, तं मी गेलो.”

मी मान हलवली. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, मान हलवल्यावर उठला. दारापर्यंत जाऊन थांबला आणि म्हणाला, “उद्या मी समद्याईच्या आधी जातो खाणीवर.” मी मागून विचारलं, “कशाला?” पण त्याची पाठ माझ्याकडे होती. तो तसाच गेला.

आता हे सगळं कागदावर लिहिलं तेव्हा मला कळतंय, की तो कशाला जाणार आहे. एकट्या माणसाला काळ्या पाषाणात नवं भोक पाडता येत नाही. त्याला दोघं-तिघं जण आणि आख्खा दिवस लागतो. एकट्याला करता येण्यासारखं एकच काम आहे. उकंडराव येण्याआधी ते भोक स्वतःच्या हाताने उकरायचं. इतकी वर्षं जे कोणाला करू दिलं नाही, ते स्वतः करायचं. उकरून निघालं तर उकंडरावाची लेकरं वाचली, आणि नाही निघालं तरीही वाचलीच. हा हिशेब त्याने चहा पिण्याआधीच केलेला असणार. मला उगाच वाटत होतं की तो माझ्याशी बोलायला आला आहे.

मी किती वेळ या टेलिफोनकडे पाहत बसले आहे. ह्यांच्या अशिलांसाठी तो बैठकीत बसवला आहे. रंगरावांच्या चिखलीच्या जिनातही टेलिफोन आहे, आणि भगवंतची खोली जिनाच्या मागेच आहे. जिनाचा पहारेकरी तुळशीराम त्याला उठवून आणू शकेल. पण तो टेलिफोन रंगरावांच्या कचेरीत आहे. तिथे बोललेलं सकाळपर्यंत त्यांच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही.

भगवंतला नुसतं “त्या भोकाला कोणाला हात लावू देऊ नकोस” असं सांगून भागेल का, याचा मी पुष्कळ विचार केला. नाही भागणार. भगवंत विचारेल, “का? मामाचा देव रिकामाच असतो.” तोही मनातून तसंच समजतो. आधीचे देव रिकामे का निघाले ते सांगितल्याशिवाय हा भरलेला आहे हे त्याला पटणार नाही, आणि त्याला पटलं नाही तर तो रंगरावांसमोर उभा राहणार नाही. ते सगळे कडूबाच्या कानाने चुकले होते, आणि हा त्याने डोळ्यांनी पाहिला आहे, एवढंच सांगायचं आहे. पण तेवढं सांगितलं की कडूबाचं काम गेलं.

दुपारी तो माझ्याकडे बघत होता आणि मी मान हलवली होती. बहिऱ्या माणसाला हलवलेली मान म्हणजे शब्दच की. उद्या तो मला विचारेल, आणि मी त्याला काय सांगणार? की तुमचं काम मी घालवलं, कारण तुम्ही गेलेले मला नको होतात? तो पुन्हा वांगी घेऊन येणारही नाही कदाचित. आणि हे मी खरोखर त्याच्यासाठी करणार आहे का, तेही मला नीट सांगता येत नाही. उद्या सकाळी तिथे भगवंतही असणार आहे. त्या शेंदरी दगडाशी गर्दी जमली की तो मागे राहणारा मुलगा नाही. मी आई आहे, आणि आईचा विचार शेवटी तिथेच जातो. पण विहिरीच्या काठावर काडी हातात धरून उभं राहताना कडूबानेही बायकांना हेच विचारलं होतं. आणि तेव्हा मी नुसती मान हलवली, तर ती त्याने धरली नव्हती.

पहाटेच्या गाडीने निघून मी वेळेवर पोहोचणार नाही. तोपर्यंत तो खाणीत असेल.

ह्यांना उठवत नाही. उठले तर म्हणतील, सकाळी बघू. आता उठून टेलिफोन ऑफिसला चिखलीच्या जिनाचा नंबर मागते. घंटा वाजत राहील, तुळशीराम उचलायला वेळ लावेल, रात्री-अपरात्री कोण म्हणून कुरकुरेल. त्याला म्हणेन, भगवंतरावांना उठव, त्यांची आई बोलते आहे. आणि भगवंत आला की आधी सांगेन, की आत्ता उठ, सायकल काढ, आणि कडूबामामाच्या दारात जाऊन बस. त्याला एकट्याला खाणीवर जाऊ देऊ नकोस. हाका मारू नकोस, त्याला ऐकू येत नाही. समोर जाऊन उभा राहा.